रेड्याचं ठाण

युद्ध शस्त्रानं जिंकलं जात नाही, ते ठाम उभं राहण्यानं जिंकलं जातं. जो आपली जागा सोडत नाही आणि शत्रूच्या नजरेला नजर भिडवतो, त्याच्यापुढं शत्रूचे हात आपोआप आखडतात.

हे वाक्य माझं आहे. शंभर पानी वहीत, निळ्या शाईनं लिहिलेलं, खाली दोन रेघा ओढलेल्या. वहीच्या पहिल्या पानावर 'रेडा' एवढंच शीर्षक होतं. रेडा हा कॉम्प्युटरवरच्या एका मारामारीच्या खेळातला, पिवळी चड्डी घातलेला, शिंगवाला जाड प्राणी होता आणि शत्रू म्हणजे छत्री घेतलेली एक किरकोळ पोरगी होती. मी तेव्हा एकतीस वर्षांचा होतो. इतिहासात एम. ए., बी. एड. होतो आणि औंढ्याच्या रस्त्यावरच्या एका गावात माध्यमिक शाळेवर शिक्षक होतो.

शाळा विनाअनुदानित होती. म्हणजे सरकारची मान्यता होती, मुलं होती, फळा होता, पंधरा ऑगस्टला झेंडा होता, पगार नव्हता. तो ग्रँट आल्यावर सुरू होणार होता. मी लागलो तेव्हा हिंगोली नुकताच जिल्हा झाला होता आणि संस्थेचे अध्यक्ष म्हणाले होते, आता जिल्हाच झाला म्हटल्यावर ग्रँट कुठं जाते. पुढं जिल्ह्याला कचेऱ्या आल्या, कचेऱ्यांना पाट्या आल्या, छोट्या रेल्वेचे रूळ उखडून मोठे टाकायचं काम निघालं. ग्रँट येऊन राहिली होती. मी हिंगोलीत खोली करून सकाळ-संध्याकाळ शिकवण्या घ्यायचो आणि मधल्या वेळात जीपच्या मागच्या दांडीला लटकून शाळेत जाऊन यायचो.

शाळेत माझ्याकडे इतिहास होता, भूगोल होता आणि अध्यक्षांचं मानपत्र होतं. त्यांचा वाढदिवस शाळेत साजरा व्हायचा आणि मानपत्र मी लिहायचो. विशेषणं दर वर्षी वाढवावी लागत. आदल्या वर्षीचं एखादं गळालं तर लक्षात येई. पाचव्या वर्षी मी त्यांना 'मराठवाड्याच्या तप्त भूमीवरील शीतल मेघ' केलं. सहाव्या वर्षी काय करावं याची चिंता मला मे महिन्यापासून होती. पण लिहीत राहिलो, कारण माझे कागद त्यांच्याकडे होते.

रुजू होताना त्यांनी सगळ्या शिक्षकांची मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेतली होती. 'विश्वास म्हणून' असं ते म्हणाले. कुणाचा कुणावर, ते म्हणाले नाहीत. माझ्या फाईलमध्ये दहावीपासून बी. एड.पर्यंतच्या गुणपत्रिका होत्या, जातीचा दाखला होता आणि वैधता प्रमाणपत्र होतं. त्या शेवटच्या एका कागदासाठी माझ्या वडलांनी साखऱ्याच्या पुढच्या आमच्या गावाहून औरंगाबादला दोन वर्षं खेपा घातल्या होत्या. आजोबांच्या शाळेचा निजामाच्या काळातला उर्दू दाखला शोधून, त्याचं भाषांतर करून घेऊन तो मिळवला होता. झेरॉक्सचे पाच संच माझ्याकडे होते. पण झेरॉक्सवर नोकरी मिळत नाही, असं तेव्हा मी धरून चाललो होतो.

फायली शाळेच्या कार्यालयातल्या लोखंडी कपाटात होत्या आणि कपाटाची चावी भाऊसाहेबांकडे होती. भाऊसाहेब म्हणजे शाळेचे क्लार्क, अध्यक्षांचे सख्खे भाचे. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहान. वडील लवकर गेले म्हणून मामांनी त्यांना आणून खुर्चीवर बसवलं होतं. अंगानं सडपातळ, केस तेल लावून मागं वळवलेले, कमरेला चाव्यांचा जुडगा. चालताना तो वाजायचा आणि आम्ही शिक्षक वर्गातूनच ओळखायचो की आपल्या पदव्या व्हरांड्यातून चालल्या आहेत.

माझा शत्रू तो हाच. छत्रीवाली त्यांची होती.

हिंगोलीत विहाराच्या गल्लीत एका मॅडमनी राहत्या घराच्या पुढच्या खोलीत इंटरनेट कॅफे काढलं होतं. आधी त्या कॉम्प्युटर क्लासवर शिकवायच्या. क्लास बंद पडल्यावर चार मशीन घेऊन घरी बसल्या. आमच्याच समाजाच्या, माझ्या मावशीच्या गावच्या, बोलायला एकदम रोखठोक. इंटरनेट इतकं हळू चालायचं की पान उघडेपर्यंत माणूस चहा पिऊन येई. म्हणून मॅडमनी नांदेडहून एक सीडी आणून मशीनवर खेळ टाकले. त्यात हा मारामारीचा खेळ होता. खेळाची सगळी अक्षरं जपानी होती, ती कुणालाच कळत नव्हती. त्यामुळे नियमांवरून वाद व्हायचा नाही. जे घडे तोच नियम, आणि त्याचं कारण ज्यानं त्यानं आपापल्या शिक्षणाप्रमाणे काढायचं.

शनिवारी आमची सकाळची शाळा असायची. दुपारी एकला लाइट यायची, पाचला जायची. त्या चार तासांत भाऊसाहेब आणि मी एका मशीनपुढं, एकाच कीबोर्डवर बसायचो. मी डावीकडं, ते उजवीकडं. डावीकडची अक्षरं माझी, उजवीकडचे बाण आणि आकडे त्यांचे. खांद्याला खांदा लागायचा. शाळेत ते मला हजेरीपटावर सही करायला लावत आणि मी त्यांना 'साहेब' म्हणत असे. इथं ते "सर, रेडा आवरा!" असं ओरडायचे आणि मी "छत्री सांभाळा, भाऊसाहेब" म्हणायचो. आठवड्यातल्या बाकीच्या दिवसांत आम्ही यातलं काहीही बोलत नसू.

खेळ असा होता. हवेत तरंगणारा एक दगडी चौथरा, त्याच्यावर उंचावर दोन फळ्या. दोघांनी एकमेकांना मारायचं, पण मारानं कुणी मरत नाही. मार खाल्ला की खाली लिहिलेले टक्के वाढत जातात आणि टक्के जितके जास्त, तितका माणूस पुढच्या फटक्याला लांब उडतो. उडून चौथऱ्याबाहेर खाली पडला की एक जीव गेला. असे प्रत्येकाला तीन जीव. टक्के वाढले की माणूस हलका होऊन बाहेर फेकला जातो, हे मला माझ्या गुणपत्रिकांच्या अनुभवावरून फारसं चमत्कारिक वाटलं नाही.

रेडा मी निवडला नव्हता. पहिल्या दिवशी बाकीची चित्रं बघायला कोणतं बटन दाबायचं ते कळलं नाही, म्हणून तो मिळाला. पण मिळालेल्या गोष्टीचा अभ्यास करायचा, ही माझी सवय. तीन महिन्यांत मी त्याच्यावर चाळीस पानं लिहिली.

रेड्याचं बळ त्याच्या वजनात होतं. छत्रीवाली ऐंशी टक्क्यांना उडून जाई, तो सव्वाशेपर्यंत टिकायचा. त्याची ढुशी जबरदस्त होती, पण उशिरा लागायची. बटन दाबलं की तो आधी मान खाली घाली, श्वास घेई, मग धावे. तेवढ्या वेळात छत्रीवाली दोनदा मारून निघून जायची. म्हणून ढुशी शत्रू समोर असताना मारायची नाही. तो जिथं येणार आहे त्या जागेवर, तो यायच्या आधी मारायची. फळीखाली उभं राहायचं नाही, वरून छत्री टाळक्यात बसते. शंभराच्या आत असताना पुढं घुसायचं. शंभर ओलांडले की चौथऱ्याचा मधला भाग धरून बसायचं आणि शत्रूला आपल्याकडं येऊ द्यायचं. कारण रेड्याचा मोठा दोष असा की त्याला उडी नव्हती. एकदा बाहेर गेला की पोतं पडावं तसा सरळ खाली. छत्रीवालीचं तसं नव्हतं. तिला कितीही लांब उडवा, ती हवेत छत्री उघडायची आणि तरंगत, तरंगत, सुट्टीवरून परत आल्यासारखी काठाला येऊन लागायची.

काठावर माझी अकरा पानं होती. काठाला लटकलेल्या माणसापुढं चार रस्ते असतात. सरळ वर चढावं, कोलांटी मारून आत शिरावं, वरून उडी घ्यावी, किंवा हात सोडून पुन्हा काठ धरावा. वर उभा असलेल्याला हे चारही ठाऊक असतात. त्यानं घाई करायची नसते. एक पाऊल मागं उभं राहून फक्त बघायचं असतं, लटकलेला कशाची निवड करतो ते. लटकलेल्याला मात्र वाटत असतं की निवड आपण करतोय. आणि फार वेळ लटकता येत नाही, थोड्या वेळानं हात आपोआप सुटतात.

हे पान मी शाळेत एका मोकळ्या तासाला लिहिलं. समोरच्या भिंतीवर अध्यक्षांचा फोटो होता.

आता ठाण. तो माझा स्वतःचा शोध. एका शनिवारी छत्रीवाली बाहेरून तरंगत यायच्या बेतात असताना मी घाबरून रेड्याला काठावर नेलं आणि हाताखाली आलेली तीन बटनं दाबून धरली: वाकायचं, ढाल धरायचं आणि तिच्याकडं तोंड करायचं. जीपची दांडी धरावी तशी घट्ट. रेडा काठावर ढाल धरून, मान खाली घालून, तिच्याकडं बघत बसला. आणि छत्री उघडलीच नाही. छत्रीवाली सरळ खाली गेली.

"आँ?" भाऊसाहेब म्हणाले. "दाबलं होतं की मी!"

"नसेल दाबलं."

"दाबलं, सर. बोट बघा माझं, लाल झालं."

पुढच्या शनिवारी पुन्हा तसंच झालं. दर वेळी नाही होत, पण होई. मी ते वहीत टिपत गेलो. रेड्यानं नुसती ढाल धरली तर काही होत नव्हतं. वाकून, तोंड करून, ढाल धरून बसला तर छत्री अडायची. मी इतिहासाचा माणूस. संख्येनं थोड्या सैन्यानं किल्ल्याच्या दारात नुसतं उभं राहून मोठं सैन्य परतवल्याच्या हकिगती मी मुलांना शिकवत होतो. मला कारण दिसलं. भाऊसाहेबांनाही दिसलं.

"सर, तुमचा रेडा असा बघून राहिला की माझे हात आखडते," ते स्वतः म्हणाले. "भेव वाटते राव. चित्र हाय ते, मला समजते. तरी वाटते."

तेव्हा मी ते वाक्य लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या.

एवढं असूनही मी कधी जिंकलो नव्हतो. एक जीव घ्यायचो, कधी दोन. मग ते मोकळ्या जागेत मला गाठून उडवायचे आणि रेडा पोत्यासारखा जायचा. त्या कॅफेत भाऊसाहेबांना कुणीच हरवलं नव्हतं. खुर्ची सरकवून उठताना ते म्हणायचे, "पुढच्या शनवारी, सर. जाऊन जाऊन कुठं जाता?"

ते गमतीनं म्हणायचे. खरंही होतं.

मग एका बुधवारी मला पत्र आलं. दुसऱ्या एका जिल्ह्यातल्या सरकारी निवासी शाळेची जागा होती, मी कधीतरी अर्ज टाकून विसरलो होतो. यादीत नाव लागलं होतं. सोमवारी सकाळी साडेदहाला कागदपत्रांची पडताळणी, 'सर्व मूळ प्रमाणपत्रांसह, अन्यथा उमेदवारी रद्द.' 'अन्यथा' ठळक अक्षरात होतं.

मी त्याच दिवशी अध्यक्षांपुढं उभा राहिलो. ते कार्यालयात चहा बशीत ओतून पीत होते. भाऊसाहेब बाजूच्या टेबलावर जावक रजिस्टर लिहीत होते.

"दादा, माझे मूळ कागद पाहिजे होते. दोन दिवसांसाठी. परत आणून देतो."

"काहून?"

"गावाकडं काम निघालंय."

त्यांनी बशी खाली ठेवली. "गावाकडं काम निघालं तर सातबारा लागते, सर. बी. एड.चं सर्टिफिकेट काहून लागते?"

मी भाऊसाहेबांच्या रजिस्टरकडं बघितलं.

"हे बघा. संस्था म्हंजे घर हाय. घरातून कोणी आपले कागद घेऊन जाते का? तुमाला काही तकलीफ असंल तर सांगा. ग्रँट येऊन राहिली. आता तर बराबर येणार. मुंबईला फाईल पोहोचली." मग माझ्याकडं जरा मायेनं पाहून म्हणाले, "आन् यंदाचं मानपत्र जरा लवकर घ्या लिहायला. मागच्या टायमाला तो मेघ लई आवडला लोकायला."

बाहेर व्हरांड्यात मी पाण्याच्या टाकीपाशी उभा होतो तेव्हा चाव्या वाजल्या. भाऊसाहेब शेजारी येऊन पाणी पिऊ लागले. दुसरीकडं बघत म्हणाले, "कुठं लागलं, सर?"

मी खरं सांगितलं.

"सोमवार." त्यांनी पेला उपडा केला. "मला हरवा शनवारी. रविवारी फाईल देतो."

"चेष्टा करून राहिले का?"

"मामाच्यानं. मला हरवलं तर फाईल तुमची."

"आणि हरलो तर?"

"तर पत्र फाडायचं. हितंच राहायचं." थोडं थांबून म्हणाले, "शनवारी येत जायचं."

ते गेल्यावर मला कळलं की हरल्यावर इथंच राहणं त्यांनी शिक्षा म्हणून मांडलं नव्हतं. त्यांना ते चांगलं वाटत होतं.

शुक्रवारी संध्याकाळी मी वही घेऊन कॅफेत गेलो. म्हटलं, मॅडम रोज मशीनवर बसतात, एकदा नजर टाकतील. त्यांनी काउंटरवर कोपर टेकून चाळीस पानं वाचली. मधून मधून हसत होत्या. काठाच्या पानांवर हसल्या नाहीत. ठाणाच्या पानावर थांबल्या, ते मोठ्यानं वाचलं, चष्मा काढला.

"सर, राग मानू नका."

"नाही."

"बाकी सगळं खरं हाय. तुमी लई बारीक बघितलं. फकत हे शेवटलं न्हाई."

त्या मला आमच्या नेहमीच्या मशीनवर घेऊन गेल्या. लिहायचं कोरं पान उघडलं. म्हणाल्या, "तुमचे ते तीन बटनं धरा दाबून." मी धरली, पानावर माझं शेवटचं अक्षर भराभर उमटत गेलं. मग त्यांनी उजवीकडचं एक बटन दाबलं. त्यांचा आकडा उमटला नाही. पुन्हा दाबलं. जोरात दाबलं. काही नाही. "आता एक सोडा." मी एक बोट उचललं. त्यांनी दाबलं, आकडा उमटला.

"हे साधं कीबोर्ड हाय. एका टायमाला तीन बटनं घेते. चौथं घेत न्हाई. तुमी तीन धरून बसले की भाऊसाहेबांनी डोकं आपटलं तरी छत्री उघडणार न्हाई."

मी पुन्हा तीन बटनं धरली आणि दुसऱ्या हातानं चौथं दाबून पाहिलं.

"आधी काहून नाही सांगितलं?"

"तुमी इचारलं का? आन् तुमी दोघं असे गंभीर होऊन बोलत होते, नजर काय, भेव काय. मला वाटलं तुमाला माहीत असंल, शिकलेले माणसं."

मी त्यांना शनिवारचं सांगितलं. मूळ कागदांचं, सोमवारचं, सगळं. त्यांचं हसणं थांबलं. काउंटरवरच्या स्वतःच्या मशीनकडं बोट करून त्या म्हणाल्या, "माझं कीबोर्ड चांगलं हाय. सगळे बटनं घेते. उद्या ते लावून देऊ का?"

मला ताबडतोब 'हो' म्हणायला हवं होतं. सहा वर्षं मी नागरिकशास्त्राच्या तासाला मुलांना जे सांगत आलो, त्याप्रमाणे तर नक्कीच. मी वही बंद केली.

"नको," मी म्हणालो. "राहू द्या हेच."

त्यांनी आग्रह धरला नाही. वैधता प्रमाणपत्र काढायला किती खेपा पडतात हे त्यांनाही माहीत होतं. त्यांच्या घरात तीन होती.

शनिवारी भाऊसाहेब इस्त्रीचा शर्ट घालून आले. एकला लाइट आली. मॅडमनी फडक्यानं कीबोर्ड पुसला आणि माझ्याकडं न बघता विचारलं, "हेच राहू देऊ का, दुसरं लावू?"

"हेच, हेच," भाऊसाहेब म्हणाले. "हाताला सवय हाय."

पहिला जीव माझा गेला. मी घाई केली, फळीखाली सापडलो. दुसऱ्या फेरीला मी माझ्याच वहीप्रमाणे खेळलो आणि तेव्हा मला कळलं की मॅडम म्हणाल्या ते खरं होतं, वही बरी होती. मी मध्य धरला. ढुशी ते येण्याआधी मारली आणि ते तिच्यात येऊन पडले. छत्रीवाली उजवीकडं उडाली, बाहेर गेली. मी काठावर जाऊन तीन बटनं धरली. शेजारी खट, खट, खट असा आवाज झाला आणि ती खाली गेली.

"आखडला हात," भाऊसाहेब पुटपुटले. त्यांनी हात झटकला, बोटं मोडली.

मग त्यांनी माझा दुसरा घेतला, मी त्यांचा दुसरा घेतला. कसा घेतला ते सांगायची गरज नाही. दोघांचा एकेक उरला. त्यांचा खांदा माझ्या खांद्याला लागलेला होता आणि शर्ट घामानं ओला झाला होता. माझे एकशे दहा टक्के झाले, मग एकशे तीस. आता एक फटका आणि रेडा पोत्यासारखा जाणार. त्यांनी मला काठाला लावलं. मी लटकलो. चार रस्ते. ते वर उभे राहून एक पाऊल मागं सरकले. माझ्या वहीत लिहिलेलं त्यांना कुणी न सांगताच येत होतं. मी हात सोडला, पुन्हा काठ धरला. ते गोंधळून पुढं आले आणि मी चढताना दिलेली ढुशी त्यांना लागली. ती काही बटनांची करामत नव्हती. ती खरी लागली. हे मी आवर्जून लिहितो, कारण त्यानंतरचं तसं नव्हतं.

छत्रीवाली लांब गेली. वर गेली, वळली, खाली येऊ लागली. मी काठावर जाऊन वाकलो, तोंड केलं, ढाल धरली. तीन बोटं पांढरी पडेपर्यंत दाबून धरली. भाऊसाहेब बटन दाबत होते. त्यांचं बोट कीबोर्डवर आपटत होतं आणि चाव्यांचा जुडगा खुर्चीवर वाजत होता. "उघड," ते म्हणाले. "उघड न व." ती पडली.

मशीनवर जपानीत काहीतरी लिहून आलं. माझं नाव असावं.

मॅडम काउंटरवरून म्हणाल्या, "रेडा चांगला खेळला, सर." भाऊसाहेबांनी माझ्याशी हात मिळवला. त्यांचा हात ओला होता.

रविवारी सकाळी शाळेत कुणी नव्हतं. व्हरांड्यात शेळ्या बसल्या होत्या. भाऊसाहेबांनी कार्यालय उघडलं, कपाट उघडलं. आत फायली एकावर एक होत्या, प्रत्येकीला पांढरी नाडी. त्यांनी माझी काढली, धूळ झटकली, नाडी घट्ट ओढून नवी गाठ मारली आणि माझ्या हातात दिली. खालच्या फाईलवर त्यांचंच नाव होतं.

"ही तुमची?"

"व्हय. बी. कॉम.चं हाय. टायपिंगचं हाय, मराठी-इंग्रजी दोन्ही." त्यांनी ती सरळ केली. "मामाकडं आलो तवाच दिले."

"पण चावी तर तुमच्याकडंच आहे."

"चावी हाय की," ते म्हणाले आणि कपाट लावलं.

मला वाटलं आता मामाला काय सांगणार ते विचारावं. त्यांनीच आधी विचारलं. "सर, खरं सांगा. ऐनवेळी माझी छत्री काहून उघडत न्हाई?"

शेळी व्हरांड्यातून आत आली. त्यांनी तिला हाकललं आणि उत्तरासाठी माझ्याकडं बघत राहिले. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. फाईल माझ्या काखेत होती.

"भीती असते, भाऊसाहेब," मी म्हणालो. "मनातली."

त्यांनी मान हलवली. त्यांना ते पटलं. "मला वाटलंच. कमजोर हाय मी त्या बाबतीत." मग लाजत म्हणाले, "ती तुमची वही देता का? आता तुमाला काय कामाची. मी वाचंन."

वही पिशवीतच होती. मी दिली. त्यांनी व्हरांड्यातच उघडली आणि दोन रेघा ओढलेलं वाक्य ओठ हलवत वाचलं. फाटकापर्यंत मला चाव्या वाजल्याचं ऐकू आलं नाही.

सोमवारी साडेदहाला मी त्या कार्यालयात पोहोचलो. रांग मोठी होती. मी फाईल छातीशी धरून अडीच तास उभा राहिलो, पाणी प्यायलाही गेलो नाही. नंबर लागला तेव्हा टेबलामागच्या बाईंनी मान वर न करता हात पुढं केला. "झेरॉक्स."

मी संच दिला. त्यांनी पानं उलटत प्रत्येकावर 'मूळ प्रतीवरून पडताळले' असा शिक्का मारला, शिक्क्यावर सही केली आणि पुढच्याला हाक मारली.

"मॅडम, मूळ प्रती?"

"आणल्यात ना?"

"आणल्यात."

"मग झालं."

मी त्या नोकरीवर महिन्याभरात रुजू झालो. फाईल मी पडताळणीहून हिंगोलीच्या खोलीवर परत आल्यानंतर उघडली. तोपर्यंत भाऊसाहेबांनी मारलेली गाठ तशीच होती.